अंबाबाईची घंटा आणि वसईचा दुभाष्या

आम्हा कोल्हापूरकरांची पहाट डोळ्यांआधी कानांना कळते. अंबाबाईच्या देवळात घंटा वाजते, काकड आरतीची वेळ होते, आणि महाद्वारापाशी फुलवाल्यांची लगबग सुरू होते. माझे लहानपण जुन्या गावात, देवळापासून फार लांब नाही अशा एका बोळात गेले. घंटेचा नाद आला की आजी अंथरुणातच हात जोडायची आणि दुसऱ्या क्षणी आम्हा पोराटोरांच्या अंगावरची वाकळ ओढायची. त्यामुळे घंटा म्हटली की मला अजूनही आधी थंडी आठवते आणि मग देवी!

पुढे मी शिक्षक झालो. तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर जुनी पुस्तके चाळण्याचा छंद जडला. अशाच एका एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी प्रवास-मार्गदर्शिकेत एकदा कोल्हापूरचे पान उघडले. अंबाबाईच्या देवळाचे वर्णन करता करता लेखक साहेबाने जाता जाता एक नोंद केली होती. देवळातल्या मोठ्या घंटेवर म्हणे रोमन लिपीत लॅटिन शब्द आहेत, आणि ते शब्द म्हणजे ख्रिस्ती भाविक मारिया मातेला जे नमन करतात त्याचा आरंभ! १७३९ साली मराठ्यांनी वसईला पोर्तुगीजांचा पाडाव केला, त्या वेळी ही घंटा इकडे आली असावी, असा साहेबाचा तर्क.

मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचले. वसईच्या घंटा मराठी देवळांत आहेत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा प्रसिद्धच आहे. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी घंटा टांगली आहे तिच्यावर तर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मारिया माता स्पष्ट दिसते. पण ज्या नादाने आमच्या पेठेतली बाळे जागी होतात, त्या नादाशी मारियेचे नाव जोडलेले असेल, हे कधी मनात आले नव्हते. शिवाय माझ्यातल्या मास्तराला एक खोचही दिसली. वसईची मोहीम साताऱ्याच्या छत्रपतींच्या पेशव्यांची, आणि कोल्हापूरची गादी तोवर वेगळी झालेली. १७३१ च्या वारणेच्या तहाने ती वाटणी पक्की झाली होती. साहेबाचा तर्क खरा असेल, तर त्या घंटेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, एका धर्मातून दुसऱ्या धर्मात आणि भाऊबंदकीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे प्रवास केला म्हणायचा. एवढे करून नाद मात्र तोच!

“वसईला जाऊन येऊ या,” मी घरात जाहीर केले. आमच्या सौभाग्यवतींना घंटेत रस नव्हता. पण आमची धाकटी मुलगी लग्नानंतर वसईला राहते आणि नातू सहावीत गेला आहे, हे कारण त्यांना पुरेसे होते. दिवाळीच्या फराळाचे डबे, गुळाची एक ढेप आणि मी, असे सामान घेऊन त्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसल्या.

सकाळी दादरला उतरून आम्ही विरारची लोकल धरली. त्या वेळी सारी मुंबई उलट्या दिशेने येत असते, त्यामुळे आम्हा म्हाताऱ्यांना चक्क बसायला जागा मिळाली. बोरिवली आले तेव्हा मला मंडपेश्वरची आठवण झाली. तिथल्या प्राचीन शैव लेण्यांचे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात प्रार्थनामंदिर केले होते. शाळेत हा धडा मी दरवर्षी मोठ्या आवेशाने शिकवीत असे. पोर्तुगीज अमलात देवळे पडली, माणसे बाटवली गेली, आणि म्हणूनच मराठी सैन्याला वसईच्या तटावर जीव द्यावासा वाटला, हे खरेच आहे. त्यात आज बदल करण्यासारखे काही नाही. भाईंदर मागे पडले आणि गाडी खाडीच्या पुलावर आली. दोन्ही बाजूंना रुंद पाणी, मध्ये पाणजू बेटाची हिरवी रेघ. ह्याच पाण्याच्या पलीकडे चिमाजी आप्पा उभे होते, असे मी सौभाग्यवतींना सांगू लागलो. त्या म्हणाल्या, “आधी नळाला पाणी किती वाजता येतं ते लेकीला विचारा.”

मुलीच्या शेजारी एक आजीबाई राहतात. लाल लुगडे नेसणाऱ्या, वसईच्या जुन्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या वाडीतली केळी आता थोडीच उरली आहेत, बाकी जागेवर इमारती आल्या. पण अंगणात तुळशीसारखा नीट बांधलेला क्रूस आहे आणि त्याच्यापुढे संध्याकाळी दिवा लागतो. आम्ही कोल्हापूरचे असे कळताच त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारले, “मग आमच्या घंटा बऱ्या आहेत ना तुमच्याकडे?”

मी गोंधळलो. मी अजून कोणापाशी घंटेचा विषयही काढला नव्हता. माझा चेहरा पाहून आजीबाई खुदकन हसल्या.

“चिमाजी आप्पांनी नेलेल्या घंटा हो! आमच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची, वसईच्या घंटा घाटावर गेल्या, तिकडच्या देवळांत वाजतात. आता तुम्ही घाटावरचे, म्हणून विचारलं. आणि किल्ल्यात जाणार असाल तर आमच्या गोन्सालोला भेटून या. तो इथलाच पोर.”

गोन्सालो गार्सिया! हे नाव मी कुठेतरी वाचले होते, पण तीस वर्षांत एकाही वर्गापुढे उच्चारले नव्हते. १७३९ मात्र मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी नातवाला बरोबर घेऊन किल्ल्यावर गेलो. रिक्षा पापडीवरून, वसई गावातून किल्ल्यापाशी येते. चिमाजी आप्पांचे स्मारक आहे. तिथे नातवाने आणि मी दोघांनीही हात जोडले. पुढे मात्र हा किल्ला आपल्या पन्हाळ्यासारखा किंवा विशाळगडासारखा नाही. डोंगर नाही, चढण नाही. सपाट जमिनीवर, तीन बाजूंनी पाणी आणि दलदल असलेले एक तटबंदीचे शहरच ते. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून १७३९ पर्यंत दोनशे पाच वर्षे त्यांचा इथे अंमल होता. भूमी दरवाजाने आत शिरावे आणि सागर दरवाजाने समुद्रावर निघावे. मध्ये वाड्यांच्या भिंती, देवळांच्या कमानी, उंच चर्चांचे उघडे सांगाडे, आणि ह्या साऱ्यावर वडापिंपळांच्या मुळ्यांचे जाळे. हल्ली तिथे लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रे काढून घ्यायला येतात. भग्न कमानीखाली एक नवरी हातभर झगा सावरीत उभी होती आणि छायाचित्रकार तिला “जरा हसा, जरा हसा” असे विनवीत होता.

फ्रान्सिस्कन साधूंचे सेंट अँथनीचे चर्च, डॉमिनिकनांचे चर्च, मनोरा असलेले सेंट जोसेफचे चर्च, अशी एकेक अवशेषांची ओळख पटवीत आम्ही जेझुइटांच्या चर्चपाशी आलो. दर्शनी भिंतीवर कोरीव खांब, मध्ये मोठा दरवाजा. मुळात हे येशूच्या पवित्र नावाचे चर्च. आता लोक त्याला गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणून ओळखतात. ह्याच जेझुइटांच्या शाळेत चारशे साठ वर्षांपूर्वी तो पोर शिकत होता.

त्याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. आजच्या भाषेत सांगायचे तर तो ना धड तिकडचा, ना धड इकडचा. राज्यकर्त्यांच्या गोतावळ्यात तो अर्धा देशी, आणि देशी लोकांत अर्धा फिरंगी. पैठणला त्या वेळी एकनाथ महाराज होते. म्हणजे आपल्या हिशेबाने हा संतांच्या ऐन बहराचा काळ. गोन्सालो पंधरा वर्षांचा झाला आणि १५७२ मध्ये जेझुइट पाद्र्यांबरोबर जहाजात बसून जपानला गेला. पंधरा वर्षांचा! मी नातवाकडे पाहिले. तो भिंतीवरच्या सरड्याला खडे मारण्यात गुंतला होता.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म नेला तो सेंट फ्रान्सिस झेव्हियरने, १५४९ मध्ये. गोन्सालो तिथे पोचला तेव्हा तो धर्म तेवीस वर्षांचा होता, आणि त्याला सर्वांत मोठी अडचण होती ती भाषेची. वसईच्या पोराने ती भाषा उचलली. कोकणी-मराठीचे पाणी प्यालेल्या जिभेला पोर्तुगीज ठाऊक होतीच. आता तिच्यावर जपानीही बसली. आठएक वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे काम केले. मनात एकच आस, की आपल्याला जेझुइट संघात घ्यावे. ते झाले नाही. तरुण मन खट्टू झाले आणि त्याने ते घर सोडले.

मग तो व्यापारी झाला आणि चांगला व्यापारी झाला. अनेक बंदरांची भाषा जाणणाऱ्याला त्या समुद्रावर काय कमी? धंदा वाढला, पैसा आला. आपल्याकडे एवढ्यावर गोष्ट संपते. नाराज झालेला मुलगा परदेशात नाव काढतो आणि गावाकडे बंगला बांधतो. गोन्सालोची गोष्ट मात्र इथे वळण घेते. फिलिपाईन्समधल्या मनिला बंदरात त्याची फ्रान्सिस्कन साधूंशी गाठ पडली.

हे फ्रान्सिस्कन म्हणजे कोण, हे सांगायला हवे. कारण गोन्सालोचे पुढचे आयुष्य त्यातूनच कळते. इटलीतल्या असिसी गावी ११८२ च्या सुमारास एका कापडव्यापाऱ्याच्या घरी फ्रान्सिस जन्मला. चैनी, हौशी, मित्रांत रमणारा. एके दिवशी ज्या महारोग्याला पाहून तो नाक दाबून दूर पळत असे, त्याच्याजवळ तो घोड्यावरून उतरून गेला आणि त्याने त्याला आलिंगन दिले. पुढे बापाच्या पैशाचाच नव्हे, तर बापाने दिलेल्या अंगावरच्या कपड्यांचाही त्याने भर लोकांत त्याग केला. दारिद्र्याला तो आपली वधू म्हणे. पाखरांना, लांडग्यांना, सूर्याला, पाण्याला भाऊबहीण म्हणे. १२२६ मध्ये तो गेला तो उघड्या जमिनीवर. आपल्या अनुयायांना त्याने नाव दिले ते ‘धाकटे बंधू’. थोरले नव्हेत, धाकटे! आपल्या वारकऱ्यांनी एकमेकांच्या पाया पडावे, त्यातलाच हा भाव. नाथांनी वाळवंटात तापलेले पोर कडेवर घेतले, त्या कथेशेजारी असिसीच्या महारोग्याची कथा ठेवून पाहावी. दोघांची एकमेकांशी भेट तर होणारच नव्हती, पण पाऊलवाट एकच.

कापडव्यापाऱ्याच्या त्या मुलाची ही वाट साडेतीनशे वर्षांनी वसईच्या व्यापाऱ्याने धरली. गोन्सालोने धंदा मोडला, पैसा वाटला आणि मनिलाला त्या संघात तो शिरला. तोही पाद्री म्हणून नाही. मिस्सा करण्याचा, वेदीवर उभे राहण्याचा अधिकार नसलेला साधा ब्रदर म्हणून. म्हणजे देवळात पूजा करणारा नव्हे. पाणी भरणारा, झाडणारा, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणारा. अनेक भाषा येणारा, दुनिया पाहिलेला माणूस स्वखुशीने शेवटच्या पायरीवर बसला.

पण गुण लपत नाही. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराला जपानकडे वकील पाठवायचा होता. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याने फिलिपाईन्सने आपल्याला शरण यावे, असा निरोप धाडला होता. वकील म्हणून निवड झाली पेद्रो बाउतिस्ता ह्या फ्रान्सिस्कन पाद्र्याची. पाद्री विद्वान होता, पण त्याला जपानी येत नव्हती. मग दुभाष्या कोण? ब्रदर गोन्सालो.

हा प्रसंग मी त्या पडक्या चर्चच्या सावलीत बसून मनाशी पुष्कळ वेळ पाहिला. एका बाजूला हिदेयोशी. हा माणूस सामान्य शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. धन्याच्या चपला सांभाळण्यापासून त्याने सुरुवात केली असे सांगतात, आणि आता सारा जपान त्याच्या मुठीत होता. समोर गोन्सालो. हा लक्ष्मी सोडून अनवाणी झालेला. एक तळातून शिखरावर गेला होता, दुसरा आपल्या पायांनी तळाशी उतरला होता. आणि दरबारात दोघांच्या मध्ये फक्त शब्द! हुकूम शरण येण्याचा. तो सांगायचा, पण आग लागू द्यायची नाही. उत्तर मैत्रीचे, ते द्यायचे, पण मान झुकू द्यायची नाही. दुभाष्याच्या कामाचे कोणी कौतुक करीत नाही. नीट झाले तर यश वकिलाचे, बिघडले तर दोष दुभाष्याचा. त्या दिवशी ते नीट झाले. हिदेयोशीने १५८७ मध्येच परदेशी धर्मप्रचारकांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता; तरी ह्या मंडळींना त्याने राहू दिले. क्योतो शहरात त्यांनी मठ बांधला, आणि त्याच्याजवळ महारोग्यांसाठी रुग्णालये काढली. असिसीच्या फ्रान्सिसचा तो जुना महारोगी जपानमध्येही त्यांना भेटला होता.

तीनएक वर्षे बरी गेली. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. त्यावरून बोलाचाली झाली. स्पेनच्या राजाने आधी धर्मप्रचारक आणि मागून सैन्य पाठवून कसे देश घेतले, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूवाल्याने मारली, असे त्या वेळच्या वृत्तांतांत आहे. हिदेयोशी संतापला. त्याच्या संशयात अगदीच तथ्य नव्हते असे आपण हिंदी माणसे तरी म्हणू शकणार नाही. आपण त्याच वसईचे, त्याच गोव्याचे शेजारी. पण राग निघाला तो जहाजावर किंवा राजावर नाही, तर महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांवर आणि त्यांच्याबरोबरच्या गरीब जपानी माणसांवर. डिसेंबरात धरपकड झाली. क्योतोला चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गाड्यांतून मिरवले, आणि मग भर हिवाळ्यात नागासाकीकडे चालवीत नेले. महिनाभराची ती वाट. कोल्हापूरहून वसईला पायी जावे आणि पायीच परत यावे, जवळजवळ तेवढी. वाटेत कैद्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणखी दोघांना पहारेकऱ्यांनी त्यांच्यातच ओढले. सव्वीस झाले.

त्या सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी जेझुइट होते, आणि उरलेले सतरा साधे जपानी प्रापंचिक. तिघे तर पोरेच होती. सर्वांत लहान बारा वर्षांचा. चौदा वर्षांच्या तोमासने वाटेत रात्री आईला पत्र लिहिले. आपल्यासाठी आणि बरोबर चाललेल्या बाबांसाठी दुःख करू नकोस, धाकट्या भावांना जप, अशा अर्थाचे. ते पत्र पुढे त्याच्या मेलेल्या बापाच्या कपड्यांत सापडले. नातवाला ही गोष्ट सांगताना मी इथे थांबलो. तो खडे टाकून केव्हा जवळ येऊन बसला होता, ते मला कळले नव्हते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले गेले. माणसांना त्यांवर दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी बांधले आणि भाल्यांनी मारले. गोन्सालो चाळिशीचा होता. ज्या संघाने घेतले नाही त्या संघाचे लोक आणि ज्या संघाने घेतले त्याचे लोक, वसईचा हा देशी-फिरंगी, मेक्सिकोचा एक तरुण, स्पेनचे पाद्री आणि जपानी कारागीर, सगळे एका ओळीत होते. आयुष्यभर जो दोन पक्षांच्या मध्ये उभा राहिला, तो शेवटी एका रांगेत उभा राहिला. दुभाष्याची गरजच उरली नाही!

रोममध्ये पोपने १६२७ मध्ये त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ‘धन्य’ म्हणून आणि ८ जून १८६२ रोजी ‘संत’ म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. दुसरे नाव येण्यासाठी थेट २००८ साल उजाडावे लागले. केरळच्या सिस्टर अल्फोन्सा ह्या त्या दुसऱ्या. नागासाकीला १८६० च्या दशकात ह्या सव्वीस जणांच्या नावाने ओउरा चर्च बांधले गेले, आणि १८६५ च्या मार्च महिन्यात एके दिवशी काही गावकरी हळूच त्या चर्चमध्ये आले. अडीचशे वर्षे धर्मबंदीच्या काळात, पाद्री नसताना, घरच्या घरी ज्यांनी श्रद्धा जपली होती त्यांचे ते वंशज. १९६२ मध्ये निशिझाका टेकडीवर सव्वीस कांस्यमूर्तींचे स्मारक उभे राहिले. अणुबाँबने होरपळलेल्या त्या शहरात, जपानी लोकांच्या आदराच्या सावलीत, आपला एक वसईकर उभा आहे.

आणि इथे? फेब्रुवारीत त्याचा स्मृतिदिन पाळला जातो. वसईजवळ गास गावी त्याच्या नावाचे चर्च आहे, वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे. पण वसईच्या बाहेरच्या मराठी माणसाला विचारा. मी स्वतः इतिहासाचा मास्तर. मला तरी कुठे विचारता येत होते?

माझे न शिकवणे हा काही द्वेष नव्हता. आमच्या मनात वसई म्हणजे एक विजय होता आणि विजयाच्या खाली कोणी राहत होते ही गोष्ट लक्षातच येत नाही. १७३९ च्या मे महिन्यात, सुरुंगांनी बुरूज उडवल्यावर, मोठी माणसे गमावून मराठ्यांनी हा किल्ला घेतला. हरलेल्या शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले. ह्याचा मला अभिमान होता आणि आहे. पण त्या दिवशी फिरंगी जहाजांत बसून गेले; वसईचा ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी कुठे गेला? तो इथेच राहिला. त्याची भाषा इथलीच होती, शेत इथलेच होते. मागच्या पिढ्यांत त्याच्यावर कोणी काय लादले आणि त्याने काय मनापासून स्वीकारले, ह्याचा हिशेब तीनशे वर्षांनी त्याच्याच दारात मांडून बसण्यात अर्थ नाही. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये ते गेले. ग्रीक-हिब्रूच्या पलीकडचा धर्मग्रंथ त्यांनी आमच्या ओव्या-अभंगांच्या भाषेत बोलता केला. तेही एका अर्थी दुभाषेच होते. वसईच्या मातीचा तो गुण असावा.

संध्याकाळी घरी आलो तर आजीबाई अंगणातल्या क्रूसापुढे दिवा लावीत होत्या. “भेटला का आमचा गोन्सालो?” त्यांनी विचारले.

“भेटला,” मी म्हणालो. “फार उशिरा भेटला.”

नातू मध्येच बोलला. मुलांना नेमके तेच विचारायचे असते, जे मोठी माणसे टाळतात. “आजोबा, अंबाबाईच्या देवळातली ती घंटा इथली असेल, तर मग ती परत द्यायला पाहिजे ना?”

सौभाग्यवतींनी त्याच्याकडे डोळे वटारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. इतिहासाच्या मास्तराकडे सनावळी असते, निवाडा नसतो. आजीबाईंनी मात्र काडी विझवली आणि त्याला जवळ बोलावले.

“रोज वाजते ना रे ती?”

“हो. पहाटे वाजते.”

“लोक हात जोडतात ना?”

“हो.”

“मग राहू दे की. आईलाच हाक मारते ना ती? इथं काय नि तिथं काय.” आणि मग माझ्याकडे वळून, डोळे मिचकावून म्हणाल्या, “वाजायची बंद झाली तर मात्र कळवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ!”

निघताना त्यांनी वसईच्या सुकेळ्यांची पुडी हातात ठेवली. सोलून, उन्हात वाळवलेली ती केळी मधासारखी गोड लागतात. आम्ही नेलेल्या ढेपेतला गुळाचा एक खडा तोंडात टाकून त्या म्हणाल्या होत्या, की नाताळच्या पक्वान्नांना असा गूळ इकडे मिळत नाही.

परवा पहाटे पुन्हा तोच नाद ऐकला. आधी सवयीने थंडी आठवली, मग देवी. आणि मग, साठी उलटून गेल्यावर पहिल्यांदाच, दूरच्या बर्फाळ वाटेने चाललेला, एका कानाचा तुकडा गमावलेला एक अनवाणी माणूस. हात आपोआप जोडले गेले. ते कोणाला, हे मी स्वतःला विचारले नाही.

आता नदीकाठची गुऱ्हाळे सुरू होतील. पहिल्या गुळाची एक ढेप नाताळाआधी वसईला पोचवायची, असे आमच्या घरी ठरले आहे.